चामड्यांचा एकच मोसम

बार्कर्सव्हिलमध्ये कॉर्नेलियस व्हेटर यांना कोणी कधी शिवी दिली नव्हती. त्यांच्याशी कोणी भांडलं नव्हतं, त्यांची कोणी थट्टा केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशी कोणी फारसं बोललंच नव्हतं. त्यांचं दुकान मुख्य रस्त्यावर होतं. पुढच्या खोलीत पाळणे, टेबलं, खुर्च्या. मागच्या खोलीत शवपेट्या. मी त्यांच्याकडे सुतार होतो. लोक पाळणा घ्यायला यायचे, पण नजर मागच्या दाराकडे जायची, आणि मग पाळण्याला कोणता रंग हवा हे न सांगताच निघून जायचे. म्हणून आमच्या गावात सगळे पाळणे तपकिरी.

व्हेटरसाहेब रस्त्याने निघाले की समोरून येणाऱ्याला नेमकं कुठल्यातरी दुकानाच्या काचेत काहीतरी दिसायचं. साहेबांनी कोणाला "काय, बरं आहे ना?" असं विचारलं की तो माणूस छाती पुढे काढून म्हणायचा, "एकदम ठणठणीत! जरा जास्तच!" म्हातारे पीबडी एकदा पडवीत बसून खोकत होते. साहेब काळजीने फाटकाशी थांबले आणि त्यांनी खोकला किती दिवस आहे ते विचारलं. म्हातारा त्याच दुपारी उठला आणि लाकडं फोडायला लागला. त्याची सून पुढे सगळ्यांना सांगायची की डॉक्टर उगाचच घरी यायचे.

न्हाव्याच्या दुकानातही तेच. साहेब आत शिरले की गप्पा बंद. दाढी व्हायची, साहेब टोपी घालून बाहेर पडायचे, आणि दार लागल्याबरोबर आतून हशा ऐकू यायचा. तो हशा त्यांच्यावर नसायचा. थांबलेल्या गप्पा पुढे सुरू झालेल्या असायच्या, एवढंच. "त्यांच्यावर हसले असते तर बरं झालं असतं रे," असं ऑगस्टाबाई, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा म्हणाली होती.

अठराशे ब्याण्णवच्या हिवाळ्यात बातमी आली की आमच्या डोंगराळ भागातल्या सहा गावांनी मिळून बेसबॉलची एक लीग काढायची ठरवली आहे. लहानशी लीग. मोठ्या शहरांच्या लीगमध्ये आमच्यासारख्यांना कोणी उभं केलं नसतं. तरी लीग ती लीग. आणि त्या सहांमध्ये लिडेलचं नाव पहिलं होतं. लिडेल म्हणजे डोंगरापलीकडचं गाव. तिथे लाकडाच्या गिरण्या, आमच्याकडे चामडं कमावायचा कारखाना. त्यांच्या गावाला भुशाचा वास, आमच्या गावाला जो होता तो. लिडेलचा संघ होणार म्हटल्यावर आमचा नसून कसं चालेल?

आगीचा बंब ठेवायच्या बंबखान्यात सभा भरली. लीगची अट होती की संघाचा मालक असा हवा ज्याचा धंदा मोसमाच्या मध्येच बुडणार नाही. कारखान्याच्या मालकाने आधीच अंग काढून घेतलं होतं. गुत्तेवाल्याला चर्चच्या बायका उभं राहू देत नव्हत्या. मग कोणीतरी "न बुडणारा धंदा" असं पुटपुटलं, आणि हळूहळू एकेक डोकं मागच्या बाकाकडे वळलं. तिथे व्हेटरसाहेब टोपी मांडीवर ठेवून बसले होते. एवढी माणसं एकाच वेळी त्यांच्याकडे बघताहेत असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

ते उभे राहिले. "मला या खेळातलं काही कळत नाही," म्हणाले.

"त्याची काळजी नको, मालकांना कळत नसतंच," गुत्तेवाला म्हणाला.

असा आमचा संघ झाला. मी व्हेटरसाहेबांच्या दुकानात आधीपासून होतोच, म्हणून मला दुसऱ्या बेसवर उभं केलं. अँब्रोझ टल्क आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. तो कारखान्यात चामडं भिजवायच्या, झाडाच्या सालीच्या पाण्याच्या हौदांवर कामाला होता, त्यामुळे त्याचे हात कोपरापर्यंत तपकिरी. तिसऱ्या डावापर्यंत चेंडूही तसाच व्हायचा, आणि संध्याकाळ झाली की समोरच्या बॅटवाल्याला तो दिसेनासा व्हायचा. टल्कची निम्मी कीर्ती त्यावर होती. बाहेरगावची वर्तमानपत्रं आम्हाला "चामडी" म्हणायला लागली. आम्हाला राग आला, मग सवय झाली, मग ऑगस्टाबाईने सदऱ्यांवर तेच शिवून दिलं.

मैदान दुकानाच्या मागेच केलं. जागा साहेबांचीच. उजव्या अंगाला दगडाची कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे गावचं कब्रस्तान. बसायच्या बाकांना आमच्याच दुकानातल्या फळ्या लावल्या. त्या मुळात कशासाठी आणल्या होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. पण फळ्या चांगल्या रंधलेल्या होत्या, बायकांचे झगे अडकत नसत, म्हणून कोणी विषय काढला नाही.

लिडेलला आगगाडी जात नव्हती आणि बाराजणांना पुरेल अशी गाडी गावात एकच होती. पहिल्या खेळाला आम्ही तीतूनच गेलो. मयताची गाडी. काळी, दोन्ही बाजूंना काचा, पुढे काळे घोडे, घोड्यांच्या डोक्यावर तुरे. तुरे काढावेत असं मी सुचवलं होतं, पण साहेब म्हणाले, घोडे तुऱ्यांशिवाय बुजतात. आम्ही आत मांडीला मांडी लावून बसलो. लिडेलच्या रस्त्यावर लोकांनी टोप्या काढल्या. एक म्हातारी गुडघे टेकून बसली. त्यांचा पाद्री पुस्तक हातात घेऊन धावत आला आणि गंभीर तोंडाने बाजूने चालायला लागला. मग टल्कने मागचं दार उघडून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "काय हो, इथे बियर कुठे मिळते?"

तो खेळ आम्ही हरलो. लिडेलचा कप्तान बक हॅनिगन, लाल मिशांचा धिप्पाड माणूस, जाताना मला म्हणाला, "पुढच्या वेळी आडवे होऊन या. जागा जास्त होईल."

आमच्या मैदानावरचा पहिला खेळही हरण्याच्या मार्गावर होता. सहा गावांपैकी स्टोनपोर्टचा संघ आला होता. त्यांची माणसं नाकाला रुमाल लावून खेळत होती, त्यामुळे त्यांना एका हाताने झेलावं लागत होतं, तरी ती पुढेच होती. व्हेटरसाहेब काळ्या लांब कोटात बाकावर बसले होते. दुसरा कोट त्यांच्याकडे नव्हता. सातव्या डावात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी टल्कला खाली बसवलं आणि चेंडू टाकायला, बॅटवाल्यामागे बसून चेंडू पकडणाऱ्या आमच्या कॅचरला पाठवलं. कॅचरने जन्मात चेंडू टाकला नव्हता. स्टोनपोर्टने मग जे मारलं ते अजून त्या गावात सांगतात.

आम्ही बाकाकडे परतलो तेव्हा पहिल्या बाकावरून मिसेस क्विल उठली. मिसेस क्विल म्हणजे घोड्यांची जीनं शिवणाऱ्या क्विलची बायको. नवरा घुमा, आणि त्याच्या वाटचंही बोलणं तिच्याकडे. रविवारी चर्चमध्ये ती गायला लागली की घंटा वाजवणारा हात आखडता घेई.

"अहो व्हेटर!" ती ओरडली. "डोक्यात मेंदू आहे का लाकडाचा भुसा? टल्कला बसवलंत? त्या टल्कला? अहो, माझी शेळी याच्यापेक्षा बरा संघ चालवेल!"

बाकांवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. इतकी वर्षं ज्या माणसाशी लोक फक्त खालच्या आवाजात बोलले होते, त्याच्यावर बाई ओरडली होती. मिसेस क्विलच्याही ते लक्षात आलं असावं. तिने तोंडावर हात ठेवला.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडे वळले.

"डेव्हलिन, ती माझ्याशी बोलली," म्हणाले.

"हो मालक. लक्ष देऊ नका."

"शेळी म्हणाली ना?"

"शेळीच म्हणाली."

ते उठले, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि टोपी काढून म्हणाले, "बाई, आपली शेळी उजव्या हाताने चेंडू टाकते की डाव्या?"

आधी कोणाला कळलंच नाही. मग न्हावी हसला. मग सगळे हसले. मिसेस क्विल हसली नाही. तिने शेळीबद्दल सविस्तर उत्तर दिलं, आणि त्यात साहेबांच्या अकलेचाही हिशेब आला. साहेब शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते. चर्चमध्ये लोक ऐकत असल्याचं दाखवतात, तसं ते खरोखर ऐकत होते.

त्या दिवसापासून सगळं बदललं. साहेब सकाळी रस्त्यावर आले की लोक समोरून यायचे. "अहो व्हेटर, तिसऱ्या बेसवर तो आंधळा कशाला ठेवलाय?" "व्हेटरसाहेब, आमच्या मेहुण्याला घ्या, चोर आहे पण पळतो छान." न्हावी एका हातात वस्तरा तसाच धरून वाद घालायचा आणि साहेब अर्ध्या गालाला फेस लावून त्याला उत्तर द्यायचे. एकदा ते तशाच फेसासकट दुकानात आले, कारण वाद पुरा व्हायच्या आत एका मयताचं बोलावणं आलं होतं. म्हातारे पीबडी तर रोज यायचे. यायचे आणि मागच्या खोलीतल्या एका पेटीवर बसून मैदानाच्या डाव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाबद्दल बोलायचे.

पुढे पुढे मला एक संशय यायला लागला. साहेब खेळ शिकले होते. रात्रंदिवस लोकांचं ऐकून कोणीही शिकेल. तरी ते मधूनच काहीतरी अचाट करायचे. डावखुऱ्याला तिसऱ्या बेसवर उभं करायचे. सगळ्यात मंद माणसाला पहिल्यांदा बॅटिंगला पाठवायचे. आणि मग बाकाच्या कडेला सरकून, मान किंचित तिरकी करून, पाठीमागून काय येतंय याची वाट बघायचे.

जूनमध्ये लीग आजारी पडली. आधी स्टोनपोर्टच्या बाकांचा मांडव कोसळला. कोणी मेलं नाही, पण स्टोनपोर्टची माणसं परत बसायला तयार होईनात, आणि उभ्याने तिकीट कोण काढणार? मग दुसऱ्या एका गावाचा व्यवस्थापक चेंडू, बॅटा आणि पिचरची बायको घेऊन पश्चिमेला निघून गेला. तिसऱ्या गावात पूर आला आणि त्यांचं मैदान आमच्या बाजूला वाहत आलं. चौथ्या गावाला कंटाळा आला.

संघ गेले तरी वेळापत्रक होतं. आणि अंपायर होता. लीगने पर्सिव्हल लूमिस नावाचा एक अंपायर पूर्ण मोसमासाठी नेमला होता. उंच, हडकुळा, नियमाने श्वास घेणारा माणूस. ठरलेल्या दिवशी तो ठरलेल्या मैदानावर हजर. आमचे नऊजण जागेवर उभे. समोरचा संघ नाही. लूमिससाहेब घड्याळ बघायचे, "खेळ सुरू!" असं ओरडायचे, नियमाप्रमाणे वाट बघायचे आणि मग नियमातलाच आकडा जाहीर करायचे, "बार्कर्सव्हिल विजयी! नऊ विरुद्ध शून्य!"

नऊ-शून्य हे आम्हाला आवडायला लागलं. एवढे रन आम्ही खेळून कधी काढले नव्हते.

गंमत म्हणजे लोक बघायला यायचे. शिदोरी घेऊन. वाट बघायचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून टल्क चेंडू टाकायचा आणि कॅचर तो पकडायचा, समोर बॅटवाला नसताना. एका दुपारी टल्कने असाच एक चेंडू टाकला आणि लूमिससाहेबांनी, सवयीने म्हणा की प्रामाणिकपणाने, तो बाहेरचा म्हणून जाहीर केला. बॅटवाला नव्हता. संघ नव्हता. तरी लोक खवळले. "आंधळ्या!" "बरोबर मधून गेला!" मिसेस क्विलने उकडलेलं अंडं फेकून मारलं. लूमिससाहेब निर्णय बदलायला तयार नव्हते, आणि आम्हाला त्यांना मागच्या दाराने दुकानात नेऊन बसवावं लागलं. तिथे बसायला काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ते बसले. म्हणाले, "चेंडू हातभर बाहेर होता."

ऑगस्टच्या अखेरीला लीगमध्ये दोनच गावं उरली. लिडेल आणि आम्ही. आम्ही हरण्यात पटाईत होतो, पण न आलेल्या संघांना आमच्याइतकं कोणीच हरवलं नव्हतं, त्यामुळे दोघांचे विजय सारखे झाले. शेवटचा खेळ आमच्या मैदानावर. जिंकेल त्याचा झेंडा. झेंडा लूमिससाहेबांच्या पेटीत होता. निळ्या कापडाचा, सोनेरी झालरीचा. गावाने तो लावायला बंबखान्यावर खांबसुद्धा उभा केला.

त्या दिवशी कारखाना बंद होता. कब्रस्तानाच्या भिंतीवरही माणसं बसली होती. लिडेलची माणसं लाकडं वाहायच्या गाडीतून आली. खाली उतरली. सातच होती.

हॅनिगन मान खाली घालून लूमिससाहेबांकडे गेला. त्यांचा एक खेळाडू मोठ्या शहराच्या संघात पळाला होता, आणि दुसऱ्याचं त्याच सकाळी लग्न होतं. म्हणजे त्याने लग्न करायचं ठरवलं नव्हतं, पण मुलीच्या बापाने ठरवलं होतं.

"नियमाला नऊ लागतात," लूमिससाहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ काढलं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. आधी कुजबुज, मग टाळ्या, मग टोप्या हवेत. झेंडा आमचा! न खेळता! कोणीतरी खांबाकडे पळालं. हॅनिगन तिथेच उभा होता. एवढा धिप्पाड माणूस, पण हातातली टोपी पिळत होता. "डोंगर चढून आलोय हो," तो म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

व्हेटरसाहेब उठले. मैदानात गेले. लूमिससाहेबांशी काहीतरी बोलले, हॅनिगनशी बोलले. मग वळून आमच्याकडे आले.

"डेव्हलिन," म्हणाले, "तू आणि धाकटा श्ट्रूब. तुम्ही आज लिडेलकडून खेळायचं."

मला वाटलं ते पुन्हा एक अचाट काम करताहेत, बोलणी खायला. "मालक, थट्टा पुरे. लोक मारतील."

"थट्टा नाही. ते डोंगर चढून आलेत, आणि हे सगळे इथे येऊन बसलेत. आता काय, सगळ्यांना घरी पाठवू?" ते जवळ आले. "आणि हे बघ, खेळायचं ते नीट. मी बघतोय तुझ्याकडे."

"मग आपल्याकडे आठच उरतील. आपला अकरावा गडी ब्रूअर तापाने पडलाय."

"नववा मी," साहेब म्हणाले. त्यांनी कोटाची बटणं लावली.

लोकांनी काय आरडाओरडा केला ते मी सांगत नाही. पाद्री बसलेला होता, आणि त्यालाही त्यातले काही शब्द नवे होते. मिसेस क्विल भिंतीवर चढून ओरडत होती. तिचा नवरा क्विल तिच्या पायाशी पाइप ओढत बसला होता. माझी आई दुसऱ्या बाकावर होती. तिने ओरडायचं टाळलं. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं.

खेळ चांगला झाला. मला तसं म्हणायचा अधिकार आहे, कारण त्या मोसमात मी एवढाच एक चांगला खेळ पाहिला. आधी बॅटिंग आमच्या गावाची, नंतर लिडेलची, असं प्रत्येक डावात. टल्कचा चेंडू तपकिरी झाला होता, पण मी त्याच्याबरोबर तीन महिने काढले होते, मला तो अंधारातही दिसला असता. श्ट्रूबने लिडेलसाठी एक सुंदर झेल घेतला आणि झेल घेतल्यावर आपण काय केलं ते आठवून खाली बसला. व्हेटरसाहेब उजव्या अंगाला, भिंतीच्या पुढे, काळ्या कोटात उभे. तिकडे एकही चेंडू गेला नाही. कावळा येऊन त्यांच्याजवळ बसला, उडाला, परत बसला.

शेवटच्या डावात गाडं अडलं. दोघांचे रन सारखे. लिडेलची बॅटिंग, दोन माणसं बाद, हॅनिगन पहिल्या बेसवर, आणि बॅट घेऊन मी.

टल्क चेंडू पुसत चार पावलं माझ्याकडे आला. ओठ न हलवता म्हणाला, "मी वर टाकतो. तू बॅट हवेत फिरव, बाद हो आणि घरी जा."

"डेव्हलिन!" मागून मिसेस क्विल. "तुझी आई बसलीय इथे! खाल्ल्या मिठाला जाग!"

"बॅट खाली ठेव, पोरा!" म्हातारे पीबडी.

मी लांब उजवीकडे बघितलं. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, खेळाडू वाकतात तसे. कोटाची शेपटं गवतावर लोळत होती. त्यांनी हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं. त्यांचा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

"डेव्हलिन! नीट मार!"

टल्कने सांगितल्याप्रमाणे चेंडू वर टाकला. तो वाऱ्यावर सोडायचा होता. मी मारला.

चेंडू उंच गेला आणि नेमका उजवीकडे. साहेब मागे पळायला लागले. मी पळत होतो, तरी अर्धं लक्ष तिकडे. ते पळू शकतात हे कोणाला माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. चेंडू त्यांच्या डोक्यावरून भिंतीपलीकडे पडला. आमच्या मैदानावर कब्रस्तानात गेलेला चेंडू जिवंत धरायचे, म्हणजे तो परत येईपर्यंत खेळ चालूच, कारण लूमिससाहेबांना तिकडे जाऊन निर्णय द्यायचा कंटाळा होता. साहेबांनी भिंतीवर हात टेकला आणि कोटासकट पलीकडे उडी मारली. लोक उभे राहिले. "पळा व्हेटर! पळा!"

ते पळाले नाहीत. त्या भिंतीच्या आत ते आयुष्यात कधी पळाले नव्हते. पाय जमिनीला लागल्याबरोबर त्यांनी टोपी काढली आणि थडग्यांच्या मधून, वळसा घालून, नेहमीच्या चालीने चालत निघाले. चेंडू एका फुलदाणीला लागून थांबला होता. फुलदाणी आडवी झाली होती. साहेबांनी आधी ती उभी केली, फुलं नीट लावली, आणि मग चेंडू उचलून भिंतीवरून फेकला.

तोवर हॅनिगन पहिल्या बेसवरून निघून सगळे बेस फिरून शेवटच्या बेसला पोचला होता, म्हणजे लिडेलचा जिंकायचा रन झाला होता. चालतसुद्धा पोचला असता.

झेंडा लिडेलला गेला. हॅनिगनने माझा हात इतका हलवला की खांदा दुखला, आणि मग तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला, टोपी काढून वाकला, वळला आणि गाडीत चढला. बंबखान्यावरचा खांब तसाच राहिला. पुढे त्याला शिडी टेकवायचे.

दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात आले तेव्हा मी एक खुर्ची रंधत होतो. "मालक," मी म्हणालो, "तुम्ही नुसते गप्प बसला असतात तर आपण जिंकलो होतो."

"हो."

"आणि निदान पळायचं तरी."

त्यांनी कोट खुंटीला लावला. "तिथे माझी गिऱ्हाइकं आहेत रे," म्हणाले. एवढंच. मग त्यांनी रस्त्याकडचं दार उघडलं, कारण बाहेर आधीच चारपाच माणसं उभी होती, आणि त्यांना बरंच बोलायचं होतं.

ते संपूर्ण शरद ऋतूभर बोलत राहिले. मला गावाने महिनाभर वाळीत टाकलं. आई माझ्यापुढे ताट ठेवायची आणि खिडकीकडे बघायची. साहेबांना मात्र कोणी सोडेना. पुढच्या वर्षी लीग भरणार नाही असं पत्रकात छापून आलं, मैदानावर कारखान्याने सालीचे ढीग रचायला घेतले, तरी लोकांचा शेवटचा डाव संपेना.

जानेवारीत क्विल गेला. छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेला. साहेब आणि मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाहेर गुडघाभर बर्फ. मिसेस क्विलने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते आणि पहिल्यांदाच ती काही बोलली नाही. आम्ही आमचं काम केलं. क्विल जिवंतपणी दिसायचा तसाच दिसत होता, आता त्याचं काही म्हणणं नाही असा.

साहेबांनी टोपी हातात घेतली आणि अशा वेळी म्हणतात ते दोन शब्द म्हटले. मग आम्ही दाराकडे निघालो. मयताच्या घरात आम्हाला कोणी थांबवून घेत नाही. आम्ही लवकर जावं असंच सगळ्यांना वाटतं, आणि त्यात कोणाचा दोष नाही.

"बसा," मिसेस क्विल म्हणाली.

साहेबांना वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतेय.

"तुम्हालाच म्हणतेय व्हेटर. बसा. कॉफी तयार आहे."

ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या कडेवर बसले. खुर्ची आमच्याच दुकानातली होती, तरी परकी असल्यासारखे बसले. तिने कॉफी ओतली.

"हे म्हणायचे तुम्ही बरोबर केलंत," ती म्हणाली. "सप्टेंबरपासून रोज. दुसरं कशावर म्हणून बोलायचे नाहीत, पण यावर बोलायचे. रोज रात्री जेवताना आमचं भांडण."

"आणि तुमचं म्हणणं काय होतं?"

"माझं म्हणणं, तुम्ही मूर्ख आहात."

"असेनही."

"असेनही काय? असं म्हणून सुटायचं नाही!" तिने डोळे पुसले, एप्रनने, रागाने. "आता मी कोणाशी भांडू? तुम्ही सांगा मला. माणसं दिलीत, ठीक आहे, पाहुणे आले, दिलीत. पण टल्क दमला होता हे तुम्हाला दिसत नव्हतं? सगळ्या गावाला दिसत होतं! आठव्या डावात त्याला का नाही काढलंत?"

साहेबांनी कप खाली ठेवला. खुर्ची पुढे ओढली.

"काढला असता," म्हणाले, "पण मागे एकदा काढला होता, तेव्हा तुम्हीच..."

"ते वेगळं! तेव्हा तो दमला नव्हता!"

"बाई, तेव्हा तो जास्त दमला होता. त्याचा हात बघितलात का तुम्ही? चेंडू सोडताना खाली यायचा..."

मी घोड्यांवर घोंगड्या टाकायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती टेबलावर मूठ आपटत होती आणि रडतही होती, आणि साहेब पुढे वाकून तिला चूक ठरवत होते. मी पुन्हा बाहेर गेलो.

अंधार पडायच्या बेताला आम्ही घरी पोचलो. ऑगस्टाबाई दारात कंदील घेऊन उभी होती.

"एवढा उशीर? काही अडलं का तिकडे?"

"मिसेस क्विलने थांबवून घेतलं," साहेब म्हणाले आणि पायरीवर बूट आपटून बर्फ झाडायला लागले.

"तुम्हाला? कशाला?"

"टल्कबद्दल." त्यांनी कोट काढला आणि तिच्या हातात दिला. "तिचं साफ चुकतंय. उद्या पुरून झालं की परत जाऊन सांगतो."